आपबीती कधी जगबीती होते?

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा निघाली की एक तक्रार हमखास ऐकू येते. कविता आहे, कथा आहे, वैचारिक लेखन तर उदंड आहे. पण आत्मकथने फार थोडी. दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या साहित्याने दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) अशी पुस्तके दिली आणि मराठी वाचकाला खडबडून जागे केले. मग आपल्याच लेखण्या का थबकतात, असा हा सवाल असतो.

सवाल रास्त आहे. पण त्याच्या आधी दुसरा एक सवाल विचारायला हवा, असे आम्हाला वाटते. दुःखाचे आत्मकथन लिहायचे ते कुणासाठी? ‘माझे वाचून दुसऱ्या कुणाला आधार मिळावा’ हे वाक्य हल्ली बऱ्याच प्रस्तावनांत असते. हेतू नेक आहे. परंतु नेक हेतूने लिहिलेल्या प्रत्येक पुस्तकाने आधार मिळतोच असे नाही. काही पुस्तके वाचून माणूस सावरतो. काही वाचून नुसता हादरतो. आणि काही वाचताना आपल्याला दुसऱ्याच्या भांडणात साक्षीला ओढून नेले आहे, असे वाटत राहते. दुःख तिन्हीकडे खरेच असते. मग फरक कशाने पडतो?

उर्दूत यासाठी दोन शब्द आहेत : आपबीती आणि जगबीती. स्वतःवर गुदरले ते आपबीती, जगावर गुदरले ते जगबीती. आमच्या मते दुसऱ्याचे दुःख हलके करणारे आत्मकथन म्हणजे जगबीतीपर्यंत पोचलेली आपबीती. ती तिथवर कशी पोचते, हे काही पुस्तकांच्या आधारे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

या विचाराला निमित्त झाली एक वही.

खालांची वही

आमच्या खाला भिवंडीच्या. मे १९८४ च्या दंगलीत खालूजान मारले गेले. घरचे चार यंत्रमाग होते, तेही जळाले. खाला तेव्हा चोवीस वर्षांच्या, पदरात दोन मुली. पुढे त्यांनी घरी बसून कांड्या भरल्या, शिवणकाम केले, मुलींना शिकवले, त्यांची लग्ने लावून दिली. मुलींच्या लग्नांनंतर कधीतरी त्यांनी एक दोनशेपानी वही आणली आणि रोज थोडे थोडे उर्दूत लिहायला सुरुवात केली. दोन वर्षांपूर्वी ती वही त्यांनी आमच्या हातात ठेवली. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, अधूनमधून मराठीत लिहितो, म्हणून हा मान. म्हणाल्या, ‘‘बेटा, नातवंडांना उर्दू येत नाही. हे मराठीत कर. छापण्याजोगे वाटले तर छाप. किसी एक का भी भला हो जाए तो बहुत है.’’

आम्ही एका रात्रीत वही वाचून काढली आणि अडकलो. पहिल्या दहा पानांत दंगलीची रात्र आहे. ती वाचताना हात थरथरतो. त्यानंतरची साठेक पाने जेठांची आहेत. नुकसानभरपाईच्या कागदांवर त्यांनी अंगठा कसा घेतला, मागांचे पैसे कुठे गेले, जेठाणी काय बोलली, मातीला कोण आले आणि कोण आले नाही. सगळे खरे. आमच्या घरात सर्वांना ठाऊक असलेले. आणि या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी एकच ओळ : शेजारच्या मावशीने दोन रात्री आम्हाला माळ्यावर ठेवले, अल्लाह तिचे भले करो.

धाकट्या मुलीच्या कानावर ही गोष्ट गेली तेव्हा ती म्हणाली, ‘‘अम्मीने लिहिले त्यात खोटे काही नाही. पण तायांची नातवंडे माझ्या मुलांबरोबर एकाच रिक्षाने शाळेत जातात.’’

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. म्हणून आम्ही वही मिटून ठेवली आणि ज्यांनी आधी हा रस्ता चालला आहे त्यांची पुस्तके काढली.

सब्र आणि गीबत

पुस्तकांकडे जाण्यापूर्वी आपल्या समाजातील दोन हरकतींचा विचार केला पाहिजे. कुणी आपले दुःख लिहायला बसले की, विशेषतः ती बाई असेल तर, एक जण म्हणतो ‘सब्र कर’ आणि दुसरा म्हणतो ‘ही गीबत झाली’. म्हणजे सोसले ते झाकून ठेवायचे आणि ज्याने सोसायला लावले त्याचेही झाकून ठेवायचे.

वास्तविक दीन इतका कठोर नाही. हजरत याकूब यांची कहाणी आपण लहानपणापासून ऐकतो. मुलाच्या विरहात रडून रडून त्यांची नजर गेली, तरी सब्र म्हटले की त्यांचेच नाव घेतले जाते. सब्र म्हणजे मुके होणे नव्हे, हे त्यातून उघड होते. गीबतीचेही तसेच. वाईट गोष्टीचा उघड उच्चार अल्लाहला आवडत नाही, पण ज्याच्यावर जुलूम झाला त्याची गोष्ट वेगळी, असा सूरह निसामधील १४८ व्या आयतीचा आशय आहे. मजलूमला बोलण्याची मुभा आहे. ती नाकारण्याचा अधिकार कुणालाही नाही.

तेव्हा लिहावे की लिहू नये हा आमच्यापुढचा प्रश्नच नाही. लिहावेच. प्रश्न आहे तो लिहिलेले छापताना त्याचे काय व्हावे हा.

वही वेगळी, पुस्तक वेगळे

बी.एड.ला मानसशास्त्राच्या तासाला ज्याचा नुसता उल्लेख झाला होता तो एक प्रयोग आम्ही या निमित्ताने नीट वाचला. १९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या संशोधकांनी ४६ विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटे लिहायला बसवले. काहींनी किरकोळ विषयांवर लिहायचे, काहींनी आयुष्यातील सर्वात क्लेशकारक प्रसंगांवर. ज्यांनी प्रसंग आणि त्या वेळच्या भावना असे दोन्ही लिहिले, ते पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याकडे कमी वेळा गेले. पण लिहून उठल्याबरोबर त्यांना बरे वाटले नव्हते. उलट ते अधिक खिन्न झाले होते. जखम उघडली की आधी ठणकते, तसा हा प्रकार.

पुढे असे अनेक प्रयोग झाले. फायदा दिसला, पण तो मोठा नव्हता, हेही खरे. त्यातला एक निष्कर्ष मात्र साहित्याच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावा असा आहे. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता मला कळते’ असे शब्द वाढत गेले, त्यांना लाभ जास्त झाला. रोज तेच दुःख त्याच शब्दांत उगाळत बसण्यापेक्षा दुःखाला हळूहळू कहाणीचे रूप देणे उपकारक ठरले.

इथे एक गोष्ट विसरता कामा नये. त्या विद्यार्थ्यांनी लिहिले ते छापण्यासाठी नव्हते. लिहिणाऱ्याला बरे वाटण्यासाठी वाचकाची गरज नसते, वही पुरेशी असते. पुस्तक छापायचे म्हटले की त्यात दुसरा माणूस आला. त्याने पैसे दिले, वेळ दिला, आणि कदाचित स्वतःचीही एक जखम घेऊन तो तुमच्या दारात आला. वही लिहिणाऱ्याची असते. पुस्तकावर वाचकाचाही हक्क असतो. आपल्याकडे गल्लत होते ती इथे. वहीच छापली जाते आणि तिला पुस्तक म्हटले जाते.

अनीस किदवई : स्वतःचे थोडे, जगाचे फार

‘आज़ादी की छाँव में’ हे बेगम अनीस किदवई यांचे उर्दू पुस्तक आम्ही विद्यार्थिदशेत वाचले होते. या वेळी ते खालांची वही शेजारी ठेवून वाचले.

अनीस किदवई (१९०६–१९८२) उत्तर प्रदेशातील बाराबंकी भागातल्या. वडील विलायत अली हे ‘बंबूक’ या टोपणनावाने विनोदी लेखन करीत. पती शफी अहमद किदवई हे रफी अहमद किदवई यांचे भाऊ. फाळणीच्या वेळी ते मसुरीत सरकारी जबाबदारीवर होते. हवा बिघडली तरी ते जागा सोडून गेले नाहीत आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये त्यांचा खून झाला. भाऊ देशाचा मंत्री असताना ही गत, मग सामान्यांचे काय असेल याची कल्पना करावी.

हा घाव घेऊन अनीसबेगम दिल्लीत गांधीजींकडे गेल्या. गांधीजींनी त्यांना निर्वासित मुसलमानांच्या छावण्यांत कामाला लावले. पुराना किल्ला आणि हुमायूनचा मकबरा इथे घरादारातून उखडलेली हजारो माणसे पाकिस्तानच्या गाड्यांची वाट पाहत पडली होती. पुढे मृदुला साराभाई, सुभद्रा जोशी यांच्याबरोबर त्यांनी शांततेचे आणि पळवून नेलेल्या स्त्रियांच्या शोधाचे काम केले.

या पुस्तकाच्या रचनेकडे समीक्षकाने पाहावे. ज्या घटनेमुळे पुस्तक जन्मले तो पतीचा खून सुरुवातीच्या पानांतच येऊन जातो. तो झाकलेला नाही, कमी लेखलेला नाही. पण लेखिका तिथे मुक्काम करीत नाही. पुढचे सगळे पुस्तक इतरांचे आहे. छावणीतील थंडी, आजार, पांघरुणांची मारामार, हरवलेली मुले, मदत करणारे हात आणि त्या मदतीतही हात मारणारे हात. वाचकाला सतत जाणवत राहते की हे सगळे पाहणारी बाई नुकतीच विधवा झालेली आहे. पण ती त्याची आठवण करून देत नाही. त्यामुळेच तिचे स्वतःचे दुःख पानापानांवर असते. आपण रडलो हे तिने सांगण्याऐवजी तिने मोजलेली पांघरुणे आपल्याला सांगतात.

दुसरी गोष्ट सचोटीची. पळवलेल्या स्त्रियांना शोधून परत पाठवण्याचा करार भारत-पाकिस्तानात डिसेंबर १९४७ मध्ये झाला आणि त्यासाठी १९४९ साली कायदाही झाला. अनीसबेगम त्या कामात होत्या. तरी परत जायला नकार देणाऱ्या मुलींचे म्हणणे त्या लपवीत नाहीत. घरचे स्वीकारतील का ही भीती, नव्या घरात जडलेला जीव, पोटातले मूल, आणि आपल्या नशिबाचा फैसला पुन्हा दुसऱ्यांनीच करायचा याची चीड. आपण ज्याला पुण्यकर्म समजत होतो ते सरसकट पुण्य नव्हते, हे लिहायला धैर्य लागते. उर्वशी बुटालिया यांच्या आणि रितू मेनन-कमला भसीन यांच्या १९९८ मधील फाळणीवरील ग्रंथांना या पुस्तकाचा आधार घ्यावासा वाटला, तो या सचोटीमुळेच असावा.

तिसरी गोष्ट काळाची. पुस्तक १९४९ च्या सुमारास लिहून झाले आणि छापून आले १९७४ साली. पंचवीस वर्षे ते हस्तलिखितात राहिले. पुढे लेखिकेच्या नातीने, आयेशा किदवई यांनी, त्याचे इंग्रजी भाषांतर केले. ते २०११ साली प्रसिद्ध झाले. आजीचे दुःख नातीने दुसऱ्या भाषेत नेले. हे वाचून आम्हाला खाला आठवल्या, हे सांगायला नकोच.

मेहरुन्निसा दलवाई : पावतीवरचा शब्द

आता मराठीकडे येऊ. मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’ १९९५ साली आले. हमीदभाईंच्या विचारांशी आपल्या वाचकांपैकी अनेकांचे मतभेद आहेत, काहींचे तीव्र आहेत. तो वाद इथे काढायचा नाही. एका उर्दूभाषक बाईचे मराठीतले आत्मकथन म्हणून त्याकडे पाहायचे आहे.

१८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधानभवनावर सात मुस्लिम स्त्रियांचा जो मोर्चा गेला त्यात मेहरुन्निसा होत्या. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले, आणि हमीदभाई ३ मे १९७७ रोजी मूत्रपिंडाच्या दीर्घ आजाराने वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यानंतर चार दशके, म्हणजे २०१७ साली निधन होईपर्यंत, बाईंनी वैधव्य काढले. चळवळीचा इतिहास हमीदभाईंच्या नावाने लिहिला गेला. त्या इतिहासाला भाकरी कुणी घातली, हे या पुस्तकातून कळते.

या पुस्तकाचे नाव आम्हाला फार विचार करायला लावते. ‘भरून पावलो’ हे शब्द जुन्या दस्तांवर, पावत्यांवर असतात. रक्कम पुरी मिळाली, आता देणेघेणे राहिले नाही. बोलताना मात्र त्याच शब्दांचा उलटा सूर लागतो. छळाने टेकीला आलेला माणूसही ‘भरून पावलो बाबा’ असे म्हणतो. बाईंच्या पुस्तकात हे दोन्ही अर्थ आहेत. ओढाताण आहे, आजारपण आहे, एकटेपण आहे. आणि तरीही शेवटी हिशेब मिटवून खाली सही केली आहे. समाजाने मला हे द्यावे, इतिहासाने मला ते द्यावे, असा तगादा नाही. वाचकाकडून त्यांना काही वसूल करायचे नाही. म्हणून वाचक त्यांच्याजवळ निर्धास्त बसतो.

अनीसबेगमांनी आपले दुःख दुसऱ्यांच्या दुःखात मिसळले. मेहरुन्निसाबाईंनी तसे केलेले नाही. त्यांचे पुस्तक घराभोवतीच फिरते. पण हिशेब चुकता केल्यामुळे तेही दुसऱ्याच्या उपयोगी पडते. म्हणजे जगबीतीला पोचायचे रस्ते एकाहून अधिक आहेत.

मल्लिका अमर शेख : आगीतून लिहिलेले

इथवर आलो तेव्हा आम्हाला वाटले, नियम सापडला. काळ जाऊ द्यावा, हिशेब मिटू द्यावा, मग लिहावे. पण हा नियम मल्लिका अमर शेख यांच्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ने मोडून टाकला.

बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेलांना, म्हणजे शाहीर अमर शेखांना, महाराष्ट्र विसरलेला नाही. त्यांची ही कन्या. वडील १९६९ साली गेले तेव्हा ती बारा वर्षांची होती. दलित पँथरचे एक संस्थापक, कवी नामदेव ढसाळ यांच्याशी तिचा विवाह झाला. हे आत्मकथन १९८४ साली आले तेव्हा लेखिका सत्तावीस वर्षांची होती, नवरा हयात होता, संसार चालू होता. काळ गेलेला नाही, हिशेब मिटलेला नाही, नावे झाकलेली नाहीत. आमच्या नियमाप्रमाणे हे पुस्तक फसायला हवे होते. ते फसलेले नाही.

का फसले नाही? आमच्या मते दोन कारणे आहेत. एक, लेखिका स्वतःला सूट देत नाही. नवऱ्याकडे ज्या नजरेने पाहते त्याच नजरेने ती स्वतःच्या हट्टाकडे, स्वप्नाळूपणाकडे, दुबळेपणाकडे पाहते. शीर्षकातले क्रियापदच पाहा. ‘मला उद्ध्वस्त केले’ असे ती म्हणत नाही. दुसरे, ज्या बाईचा छळ आज, या क्षणी चालू आहे, तिला तीस वर्षांनंतरच्या शांत आवाजाचा उपयोग नसतो. ‘सगळे ठीक होते’ हे तिला खोटे वाटते. तिला तिच्याच आगीतून आलेला आवाज लागतो. तू वेडी नाहीस, हे असे होते आणि ते नाव घेऊन सांगता येते, एवढे त्या आवाजाने सांगितले तरी पुरे.

मात्र असे पुस्तक लिहिणाऱ्याला त्याची किंमतही मोजावी लागते, आणि बरोबरच्या माणसांना न विचारता ती त्यांच्याकडूनही घेतली जाते. ती मोजायची की नाही हे ज्याने त्याने ठरवायचे. प्रस्तावनाकारांनी टाळ्या वाजवून कुणाला त्या आगीत ढकलू नये, इतकेच आमचे म्हणणे आहे. समीक्षक पुस्तक वाचून बाजूला ठेवतो. लिहिणारी त्याच घरात परत जाते.

तीन कसोट्या

या वाचनातून आमच्या हाती तीन कसोट्या लागल्या. नवे आत्मकथन वाचताना त्या कामी येतील असे वाटते.

पहिली : पुस्तकात लेखकाखेरीज दुसरी माणसे जिवंत आहेत का? की सगळे फक्त त्याला दुखावण्यासाठी किंवा सावरण्यासाठी येतात आणि जातात? बेबीताईंच्या पुस्तकाचे नावच ‘आमुचं’ आहे. बहुवचन नुसते नावात असून भागत नाही, पण तिथे ते आतही आहे.

दुसरी : लेखक स्वतःकडे त्याच नजरेने पाहतो का? ज्या आत्मकथनात लेखकाची एकही चूक नसते ते वाचून आधार मिळत नाही. कारण वाचक स्वतःच्या चुका घेऊनच आलेला असतो, आणि अशा पुस्तकात त्याला बसायला जागा मिळत नाही.

तिसरी : वाचकाकडून काय मागितले आहे? निवाडा मागितला असेल तर वाचक काझी होतो, आणि काझीला आधार मिळत नसतो. कैफियत या शब्दाची गंमत पाहा. मराठीत कैफियत म्हणजे हाकिमापुढे मांडायची बाजू. उर्दूत कैफियत म्हणजे मनाची अवस्था, हाल. आपली बरीचशी आत्मकथने मराठी अर्थाने कैफियती आहेत. त्यांची गरज होती आणि आजही आहे. जिथे न्याय मिळालेला नाही तिथे बाजू मांडावीच लागते. पण ज्याला दुसऱ्याच्या जखमेवर फुंकर घालायची आहे त्याने उर्दू अर्थाने कैफियत लिहावी.

पुन्हा वही

पुस्तके परत जागेवर ठेवून आम्ही भिवंडीला गेलो. मनात ठरवले होते की जेठांची साठ पाने काढा असे सांगायचे नाही. जुलूम झाला तो झाला. तो खोडायचा अधिकार आम्हाला नाही. आम्ही खालांना एकच विचारले : ज्या मावशीने माळ्यावर ठेवले तिच्याबद्दल सांगा ना.

खाला चकित झाल्या. म्हणाल्या, ‘‘वो भी कोई लिखने की बात है?’’ आणि मग जवळजवळ दोन तास बोलत राहिल्या. मावशीचा नवरा दोन्ही रात्री उंबऱ्यात खाट टाकून बसला होता. शिडी काढून त्यांनी मागच्या अंगणात आडवी टाकली होती, म्हणजे वर कुणी आहे अशी शंका येऊ नये. धाकटी मुलगी तापाने फणफणली होती. ती रडू नये म्हणून मावशी स्वतः माळ्यावर येऊन तिला मांडीवर घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोन्ही मुलींच्या वेण्या घातल्या. का, तर शिबिरात पोरी भिकाऱ्यासारख्या दिसू नयेत. पुढे मावशी असेपर्यंत दर दिवाळीला खाला तिच्याकडे जात राहिल्या.

यातले काहीही वहीत नव्हते. ज्याने लुबाडले त्याला साठ पाने आणि जिने वेण्या घातल्या तिला एक ओळ! खालांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या सर्वांच्या आठवणींची वाटणी अशीच असते. अन्याय आपण घोकून ठेवतो, उपकार गृहीत धरतो. आत्मकथन लिहिणाऱ्याचे काम ही वाटणी दुरुस्त करण्याचे आहे, हे त्या दुपारी आम्हाला जितके कळले तितके पुस्तकांतून कळले नव्हते.

साठ पानांचा विषय शेवटी निघालाच. आम्ही म्हणालो, नाव न घेता एका पानात लिहिता येईल. खाला गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘चाळीस वर्षे मी नाव घेतले नाही. आता वहीतसुद्धा घेऊ नको म्हणता?’’ आमची मान खाली गेली. कसोट्या लिहिणे सोपे असते. त्या कुणाच्या तोंडावर लावणे सोपे नसते.

बऱ्याच वेळाने एक तोडगा त्यांनीच काढला. पहिली वही त्यांच्या संदुकीत राहील. ती त्यांची आहे, तिला कुणी हात लावायचा नाही, त्यांच्यानंतर मुलींनी ठरवावे. दुसरी वही त्या नव्याने लिहितील. तिची सुरुवात माळ्यापासून होईल. जेठांचे त्यात किती यावे, हे अजून ठरलेले नाही. एकदा त्या म्हणतात अजिबात नको, एकदा म्हणतात एक पान तरी हवेच, नाहीतर ज्या विधवेला असेच लुबाडले आहे तिला काय मिळेल? हा युक्तिवाद आम्हाला खोडता आलेला नाही. आता आम्हीही त्या एका पानाच्या बाजूने आहोत.

दुसऱ्या वहीची तीस-पस्तीस पाने झाली आहेत. ती पुरी झाल्यावर मराठीत आणायची जबाबदारी आम्ही घेतली आहे. मूळ उर्दू पाने मराठी मजकुरासमोर छापावीत, असा खालांचा आग्रह आहे. मोठी नात त्यासाठी दर रविवारी आमच्याकडे अलिफ-बे शिकायला येते.